सर्व्हरच्या दारातील रांग

शेवटची तारीख, रात्रीचे नऊ वाजले आहेत. शिष्यवृत्तीचा अर्ज शाळेच्या संकेतस्थळावर आहे. तुम्ही बटण दाबले आहे आणि पडद्यावर एक छोटे चक्र गरगर फिरत आहे. फिरतेच आहे. अशा वेळी घरातले कोणी तरी म्हणतेच, "नेट गेलेले दिसते." पण त्याच क्षणी दुसरे एखादे संकेतस्थळ उघडून पाहा. ते चटकन उघडले, तर नेट बिचारे निर्दोष आहे. मग वेळ जातो तरी कोठे?

प्रथम अंतराचा संशय दूर करू. काचतंतूंतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो. तुम्हाला हवे असलेले पान मुंबईपासून ७००० किलोमीटरवर, युरोपातील एखाद्या संगणकात असले, तरी तुमची मागणी तेथे पोहोचून उत्तर परत येण्यास प्रवासात सेकंदाचे सात-शतांश पुरतात. केबल सरळ रेषेत जात नाही, वाटेत थांबे असतात आणि एका पानासाठी अशा अनेक फेऱ्या होतात, हे खरे. तरीही हा हिशेब सहसा एक-दोन सेकंदांपलीकडे जात नाही. तीस सेकंद चक्र फिरत असेल, तर तुमची मागणी केव्हाच मुक्कामी पोहोचली आहे. ती तेथे रांगेत उभी आहे.

ज्या संगणकाच्या दारात ती उभी आहे, त्याला सर्व्हर म्हणतात. जगातले पहिले संकेतस्थळ १९९० च्या अखेरीस जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांच्या संगणकावर सुरू झाले. हे यंत्र सर्व्हर आहे, ते बंद करू नका, अशी लाल शाईने लिहिलेली चिठ्ठी त्यावर चिकटवलेली होती! तेव्हा एक संकेतस्थळ आणि एक संगणक असा मामला होता. पण एखाद्या छोट्या शाळेने स्वतःसाठी वेगळा सर्व्हर घेतला, तर तो दिवसाचा बहुतेक वेळ रिकामा बसेल आणि भाडे मात्र पूर्ण द्यावे लागेल. म्हणून एकाच सर्व्हरवर शेकडो संकेतस्थळे ठेवण्याची पद्धत पडली. १९९७ मध्ये एचटीटीपी १.१ ही नियमावली प्रसिद्ध झाली. प्रत्येक मागणीबरोबर हव्या त्या संकेतस्थळाचे नाव पाठवणे तिने सक्तीचे केले, आणि या पद्धतीचा मार्ग मोकळा झाला. पाकिटावर चाळीचा पत्ता एकच असला, तरी बिऱ्हाडकरूचे नाव असले की पत्र योग्य खोलीत पोहोचते, तसेच हे.

चाळीचीच उपमा पुढे नेऊ. चाळीत नळ एक. एरवी प्रत्येकाच्या हंड्याला पाणी मिळते. पण एका घरी लग्न निघाले की सगळ्या चाळीचा खोळंबा होतो. तुमच्या शाळेच्या संकेतस्थळाचा शेजारी एखादा साड्यांचा दुकानदार असू शकतो. त्याने दिवाळीचा सेल लावला की शाळेचे पान रेंगाळू लागते. शाळेने स्वतः काहीच केलेले नसते! भाडे स्वस्त का, याचे उत्तर येथे आहे.

इथवर सारे सोपे आहे. आता मात्र एक गणित करू, कारण या विषयातील खरी गंमत त्यातच आहे.

समजा, एक पान तयार करून द्यायला सर्व्हरला सरासरी सेकंदाचा दहावा भाग लागतो. म्हणजे त्याची क्षमता सेकंदाला १० पानांची झाली. सेकंदाला ५ मागण्या येत आहेत. प्रत्येकाला सरासरी किती वेळ लागेल? मागण्या कशाही, मनात येईल तेव्हा येत असतील आणि कामेही लहानमोठी असतील, तर त्यासाठी एक सुटसुटीत सूत्र आहे: क्षमतेतून मागण्या वजा करा आणि येणाऱ्या संख्येने १ ला भागा. १० उणे ५ म्हणजे ५. १ भागिले ५ म्हणजे ०.२ सेकंद. उत्तम. मागण्या ८ झाल्या, तर अर्धा सेकंद. ९ झाल्या, तर १ सेकंद. साडेनऊ झाल्या, तर २ सेकंद. आणि सरासरी ९.९ झाल्या, तर १० सेकंद!

पुन्हा एकदा पाहा. ९ वरून ९.९, म्हणजे मागण्या फक्त दहा टक्क्यांनी वाढल्या. थांबण्याचा वेळ मात्र दहापट झाला. सर्व्हर अजून क्षमतेच्या आतच आहे, तरीही माणसे कंटाळून निघून जात आहेत. काम वाढेल त्या प्रमाणात उशीर वाढेल, हा आपला समज त्रैराशिकातून आलेला आहे. रांगेला त्रैराशिक लागू पडत नाही.

या शास्त्राचा पाया संगणकाच्या फार आधी घातला गेला. डेन्मार्कचे गणिती आग्नेर एरलांग हे १९०८ मध्ये कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत कामाला लागले. मदतनीस नसल्याने केबलींची विद्युत् मापने ते स्वतःच घेत. शिडी धरलेल्या कामगाराला बरोबर घेऊन ते शहरातल्या रस्त्यांवर हिंडत आणि भुयारी खड्ड्यांत उतरत. इतक्या गावकऱ्यांसाठी किती तारा पुरतील, हा कंपनीपुढचा प्रश्न होता. फोन अनियमितपणे येत असले, तरी त्या अनियमितपणाचे गणित मांडता येते, हे त्यांनी १९०९ मध्ये दाखवले. थांबण्याच्या वेळेची सूत्रे १९१७ मध्ये प्रसिद्ध केली. टेलिफोनवरील भाराच्या एककाला पुढे त्यांचेच नाव मिळाले.

पण सेकंदाला १० जणांचे काम उरकणाऱ्यासमोर ९.९ जण आल्यावर रांग लागावीच का? हे घरी करून पाहा. एक लाल व एक पांढरा फासा, मूठभर मणी आणि एक वाटी घ्या. वाटी म्हणजे रांग. प्रत्येक डावात आधी लाल फासा टाका. १ किंवा २ पडले, तर वाटीत एक मणी टाका. मग पांढरा फासा टाका. १ ते ४ पैकी काही पडले आणि वाटीत मणी असला, तर एक काढून घ्या. डाव संपला की वाटीतील मणी मोजून वहीत लिहा. असे शंभर डाव खेळा. येथे येणारे काम क्षमतेच्या निम्मे आहे. सरासरी काढलीत, तर ती एक-तृतीयांश मण्याच्या आसपास येईल. आता लाल फाशाला १ ते ३ चालतील असे ठरवा. काम दीडपट झाले, पण सरासरी रांग तिप्पट होईल: एक मणी. शेवटी लाल फाशालाही १ ते ४ चालू द्या. येणारे आणि जाणारे समसमान, म्हणजे वाटी रिकामीच राहील, नाही का? नाही. शंभर डावांअखेर सरासरी पाच-एक मणी साचलेले असतात, कधी दहाहून अधिक. आणि खेळ जितका लांबवाल तितकी रांग वाढण्याकडे कल राहील.

याचे कारण खेळतानाच तुमच्या लक्षात येईल. वाटी रिकामी असताना पांढऱ्या फाशावर ३ पडले, तर ती पाळी फुकट जाते. ती पुढच्या गर्दीसाठी जपून ठेवता येत नाही. पाणी पिंपात साठवता येते. सर्व्हरचा रिकामा क्षण साठवता येत नाही.

खऱ्या सर्व्हरची अवस्था याहूनही बिकट होते. अर्धवट राहिलेले प्रत्येक काम संगणकाच्या स्मृतीत जागा अडवून बसते. स्मृती भरली की संगणक काही मजकूर चकतीवर हलवतो आणि लागेल तसा परत आणतो. फिरत्या चकतीवरून मजकूर शोधून आणण्यास स्मृतीच्या तुलनेने सुमारे लाखपट वेळ लागतो. नव्या, न फिरणाऱ्या साठ्यालाही सुमारे हजारपट. मग संगणक काम कमी आणि हलवाहलव जास्त करतो. पीटर डेनिंग यांनी १९६८ मध्येच या दशेची मीमांसा केली होती. म्हणजे गर्दी वाढली की आपली १० ची क्षमताच घसरून ८ वर, ६ वर येते. आता वजाबाकी करून पाहा!

म्हणूनच काही सर्व्हरवाले प्रत्येक बिऱ्हाडाला मर्यादा घालून देतात. ती ओलांडली की पान उघडण्याऐवजी ५०३ असा आकडा झळकतो. सेवा सध्या उपलब्ध नाही, असा त्याचा अर्थ. हे मला तरी बरे वाटते. निदान शेजाऱ्याला त्रास होत नाही.

महाराष्ट्रातील दहावीचा निकाल १६ जुलै २०२१ रोजी दुपारी एक वाजता जाहीर झाला. १५ लाखांहून अधिक विद्यार्थी निकालाची वाट पाहत होते. निकालाची संकेतस्थळे कित्येक तास उघडेनात. हे उदाहरण चाळीचे नव्हे. सगळा गाव एकदम नळावर येण्याचे आहे. अशा वेळी प्रत्येक जण काय करतो? पुन्हा पुन्हा बटण दाबतो. प्रत्येक दाबणे म्हणजे नवी मागणी. जुनी मागणी रद्द झाल्याचे सर्व्हरला बहुधा लगेच कळत नाही. तो तिचेही काम करत बसतो. एकाच मुलीचे पाच हंडे रांगेत लागतात आणि पाणी एकाच हंड्याचे हवे असते. दोन-तीन मिनिटे थांबून मग पुन्हा प्रयत्न केलात, तर तुमचा तोटा होत नाही आणि रांगही उगाच फुगत नाही.

खरा उपाय मात्र सर्व्हरच्याच बाजूला आहे. अर्जाची सूचना सगळ्यांना सारखीच दिसायची असते. मग ती प्रत्येकासाठी नव्याने का तयार करायची? एकदा तयार केलेले पान जसेच्या तसे ठेवून दिले, तर ते देण्यास दहाव्या भागाऐवजी समजा सेकंदाचा शंभरावा भाग पुरतो. क्षमता १०० झाली. मागण्या तेवढ्याच, ९.९. आता वजाबाकी ९०.१ येते, आणि १० सेकंदांच्या जागी सुमारे सेकंदाचा नव्वदावा भाग! यंत्र तेच, भाडेही तेच. निकालासारख्या पानांवर प्रत्येकाचे उत्तर वेगळे असते. तेथे ती पाने आदल्या रात्रीच तयार करून अनेक सर्व्हरांवर वाटून ठेवावी लागतात, आणि किती सर्व्हर लावायचे याचा हिशेब एरलांग यांच्याच पद्धतीने करता येतो.