घटक ४ : इंग्रजीतील गणनीय व अगणनीय नामे

४.० उद्दिष्टे

या घटकाच्या अध्ययनानंतर तुम्हांला
• इंग्रजीतील गणनीय व अगणनीय नामांतील भेद स्पष्ट करता येईल;
• एखादे नाम कोणत्या गटातील आहे, हे कसोट्या लावून ठरविता येईल;
• मराठी भाषकांकडून होणाऱ्या चुकांची कारणे सांगता येतील;
• अर्ज, पत्र व दैनंदिन संभाषण यांत या नामांचा बिनचूक वापर करता येईल.

४.१ प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, नोकरी सांभाळून शिकणाऱ्या तुमच्यापैकी अनेकांना कार्यालयात इंग्रजी पत्रे लिहावी लागतात. अशा पत्रांत 'इन्फर्मेशन्स', 'फर्निचर्स', 'अडव्हाइसेस' ही रूपे वारंवार आढळतात. आशय पोहोचतो; परंतु वाचणाऱ्याचे लक्ष मजकुरावरून चुकीकडे वळते आणि लिहिणाऱ्याच्या योग्यतेविषयी नको ते अनुमान काढले जाते. ही चूक बुद्धीच्या उणिवेतून होत नाही. तिला निश्चित भाषिक कारणे आहेत आणि ती समजली की चूक टाळणे सोपे जाते.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ वस्तू मोजायची की शब्द?

'जे मोजता येते ते गणनीय, जे मोजता येत नाही ते अगणनीय' अशी व्याख्या शालेय पुस्तकांत असते. ती अपुरी आहे. पैसे तर आपण रोज मोजतो. तरीही इंग्रजीत 'मनी' हे नाम अगणनीय आहे. मोजले जातात ते रुपये. म्हणून 'रुपी' हे नाम गणनीय ठरते. याचा अर्थ असा, की हा भेद वस्तूंचा नसून शब्दांचा आहे. डॅनिश भाषाशास्त्रज्ञ ऑटो येस्पर्सन यांनी १९२४ साली प्रसिद्ध झालेल्या 'द फिलॉसॉफी ऑफ ग्रामर' या ग्रंथात या दोन प्रकारच्या नामांची सविस्तर चर्चा केली आहे.

धान्यांचे उदाहरण घ्या. इंग्रजीत 'व्हीट' म्हणजे गहू हे नाम एकवचनी व अगणनीय, तर 'ओट्स' हे अनेकवचनी. दोन्ही धान्येच. मराठीतही आपण 'तांदूळ निवडले' असे अनेकवचनात म्हणतो आणि 'ज्वारी निवडली' असे एकवचनात. दाण्यांच्या आकारावरून हा फरक सांगता येणार नाही; तो रूढीने ठरलेला आहे.

रूढी बदलतेही. जुन्या इंग्रजीत वाटाण्यासाठी 'पीज' हा एकवचनी शब्द होता. त्याच्या शेवटच्या ध्वनीमुळे लोकांना तो अनेकवचनी वाटू लागला आणि त्यातून 'पी' हे नवे एकवचन तयार झाले. फ्रेंच व जर्मन भाषांत 'इन्फर्मेशन' या अर्थाच्या शब्दाचे अनेकवचन आजही सर्रास होते. तेव्हा 'इन्फर्मेशन्स' हे रूप तर्काला सोडून आहे असे नव्हे. आजच्या प्रमाण इंग्रजीला ते मान्य नाही, एवढेच.

४.२.२ ओळखण्याच्या कसोट्या

(अ) नामापूर्वी संख्या येते का? 'थ्री चेअर्स' चालते; 'थ्री फर्निचर' चालत नाही.
(आ) 'अ' किंवा 'ॲन' हे उपपद लागते का? 'अ सजेशन' चालते. 'ॲन अडव्हाइस' चालत नाही.
(इ) परिमाण दाखविणारा शब्द कोणता? गणनीय नामापूर्वी 'मेनी' व 'फ्यू', अगणनीय नामापूर्वी 'मच' व 'लिटल'.
(ई) क्रियापद कोणते? अगणनीय नामाबरोबर एकवचनी क्रियापद येते. 'न्यूज' हा शब्द दिसतो अनेकवचनी, परंतु 'द न्यूज इज गुड' असेच म्हणावे लागते.

तिसऱ्या कसोटीपाशी मराठी भाषक विशेष अडखळतो. 'किती पाणी?' आणि 'किती माणसे?' या दोन्ही प्रश्नांना आपल्याला 'किती' हा एकच शब्द पुरतो. इंग्रजीत मात्र 'हाऊ मच' व 'हाऊ मेनी' यांतून निवड करावी लागते. शंका असेल तेव्हा 'सम' किंवा 'अ लॉट ऑफ' वापरावे. ते दोन्ही गटांना चालतात.

४.२.३ चुकांची दोन कारणे

पहिले कारण मातृभाषेचा प्रभाव. बातम्या, सल्ले, कामे, केस, साबण, खडू, पाव ही नामे मराठीत सहज मोजली जातात. आपण दुकानात 'दोन साबण द्या' म्हणतो. इंग्रजीतील 'न्यूज', 'अडव्हाइस', 'वर्क', 'हेअर', 'सोप', 'चॉक', 'ब्रेड' ही नामे मात्र सामान्यतः अगणनीय आहेत. म्हणून 'माझे केस काळे आहेत' याचे इंग्रजी 'माय हेअर इज ब्लॅक' असे होते.

दुसरे कारण नियमाचा अतिरिक्त वापर. 'माहिती' आणि 'सामान' हे शब्द मराठीतही अगणनीय आहेत. 'मला दोन माहित्या हव्यात' असे कोणी म्हणत नाही. तरीही 'इन्फर्मेशन्स' आणि 'लगेजेस' ही रूपे लिहिली जातात. येथे दोष मराठीचा नाही. 'अनेकवचन करताना शेवटी स जोडा' हा शाळेत प्रथम पाठ झालेला नियम सरसकट लावल्यामुळे असे घडते. अशा वेळी मराठीच मदतीला येते. 'माहित्या' कानाला खटकते, तसेच 'इन्फर्मेशन्स'ही खटकले पाहिजे. ही खूण लक्षात ठेवा; मात्र पहिल्या गटातील शब्दांना ती लागू पडत नाही.

४.२.४ अगणनीय नाम मोजायचे झाल्यास

'दोन कप चहा', 'चार पोती सिमेंट', 'एक जुडी मेथी' यांत आपण चहा, सिमेंट किंवा मेथी मोजत नाही. कप, पोती आणि जुडी मोजतो. इंग्रजीतही हीच युक्ती आहे : 'अ बार ऑफ सोप', 'अ लोफ ऑफ ब्रेड', 'अ पीस ऑफ अडव्हाइस', 'टू आयटम्स ऑफ न्यूज'. फरक एवढाच, की मराठीत 'दोन कप चहा' म्हणताना मध्ये 'चा' येत नाही व 'कप' बदलत नाही. इंग्रजीत 'टू कप्स ऑफ टी' असे अनेकवचनही करावे लागते आणि 'ऑफ'ही घालावे लागते.

४.२.५ एकच शब्द, दोन अर्थ

काही नामे दोन्ही गटांत येतात आणि त्यांचा अर्थ बदलतो. 'पेपर' म्हणजे कागद हा पदार्थ. 'अ पेपर' म्हणजे वर्तमानपत्र, प्रश्नपत्रिका किंवा शोधनिबंध. 'ग्लास' म्हणजे काच. 'अ ग्लास' म्हणजे पेला. नोकरीच्या अर्जात 'एक्सपीरिअन्स' या शब्दाकडे विशेष लक्ष द्यावे. कामातून मिळालेले कौशल्य या अर्थी तो अगणनीय आहे : 'आय हॅव टेन इयर्स ऑफ टीचिंग एक्सपीरिअन्स'. 'एक्सपीरिअन्सेस' म्हणजे आयुष्यात आलेले प्रसंग. अर्जात हे रूप वापरल्यास तुमची पात्रता सांगायची राहून जाते.

४.३ सारांश

गणनीय-अगणनीय हा भेद वस्तूंच्या स्वरूपावर नव्हे, तर शब्दाच्या रूढ वापरावर अवलंबून आहे. म्हणून नवे इंग्रजी नाम शिकताना त्याचा अर्थ आणि गट दोन्ही टिपून ठेवावे. संख्या, उपपद, परिमाणदर्शक शब्द व क्रियापद या चार कसोट्या त्यासाठी पुरेशा आहेत.

४.४ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

पुढील वाक्ये दुरुस्त करा. उत्तरे पाहण्यापूर्वी प्रत्येक चुकीचे कारण स्वतः लिहून काढा.
१. प्लीज सेंड मी द इन्फर्मेशन्स.
२. शी हॅज लाँग हेअर्स.
३. हाऊ मेनी मनी डू यू नीड?
४. द न्यूज आर ट्रू.
५. टू कप टी, प्लीज.

उत्तरे : १. 'इन्फर्मेशन' २. 'लाँग हेअर' ३. 'हाऊ मच मनी' ४. 'इज ट्रू' ५. 'टू कप्स ऑफ टी'

४.५ उपक्रम

तुमच्या कार्यालयातील किंवा घरातील दहा वस्तूंची इंग्रजी नामे लिहा. चारही कसोट्या लावून त्यांचे दोन गट करा. ज्या नामांचा गट मराठी व इंग्रजीत वेगळा आहे, त्यांखाली रेघ ओढा. पुढील पत्र लिहिताना ही यादी जवळ ठेवा.