फुल सस्पेन्शन ई-सायकलला कॅरिअर बसेल का?

प्रश्न : माझ्या ई-सायकलला पुढे-मागे सस्पेन्शन आहे. लांबच्या सहलींसाठी कॅरिअर लावायचं आहे, पण दुकानदार नाही म्हणतात. काही मार्ग आहे का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : मार्ग नक्की आहे. साध्या कॅरिअरचे पाय मागच्या आसाजवळ आणि वरचं टोक सीटखाली आवळलेलं असतं. तुमच्या सायकलीचा मागचा भाग मात्र प्रत्येक खड्ड्यात वर-खाली होतो. दोन्हीकडे आवळलेलं कॅरिअर सस्पेन्शन अडवेल किंवा स्वतः तुटेल. म्हणून ते एकाच भागावर पेललं गेलं पाहिजे.

सीटच्या दांड्याला आवळायचं कॅरिअर बसवायला सोपं असतं, पण बहुतेकांची मर्यादा १० किलोच्या आसपास असते. दांडा कार्बनचा किंवा ड्रॉपर (बटणाने खाली-वर होणारा) असेल तर ते लावूच नका. लांबच्या सहलीसाठी मागच्या थ्रू-अ‍ॅक्सलवर (चाकातून आरपार जाणाऱ्या आसावर) भार घेणारं कॅरिअर उत्तम. ओल्ड मॅन माउंटन ही कंपनी तशी बनवते. अ‍ॅक्सलची लांबी आणि आटे जुळतात का, हे आधी पाहा.

बसवल्यावर शॉकमधली हवा सोडून सायकल पूर्ण दाबा. कॅरिअर सीटला किंवा टायरला लागता कामा नये. मग सामान लादून, स्वतः बसून हवा भरा. सॅग, म्हणजे वजनाने शॉक दबण्याचं प्रमाण, साधारण २५ ते ३० टक्के ठेवा. जड वस्तू बॅगेत तळाशी आणि दोन्ही बाजूंना समान भरा.

फ्रेमला भोक मात्र कधीही पाडू नका. फ्रेम कमकुवत होते आणि आत बॅटरी-मोटरच्या वायरी असतात.