फायरफॉक्सचे टॅब पत्त्याच्या पट्टीखाली आणता येतात का?

फायरफॉक्समध्ये टूलबारच्या रिकाम्या जागी राइट-क्लिक करून ‘कस्टमाइझ टूलबार’ निवडले की बटणे ओढून हवी तिथे ठेवता येतात. पत्त्याच्या पट्टीच्या दोन्ही बाजूंची मोकळी जागाही तशीच ओढून काढता येते. टॅबची ओळ मात्र अशी हलत नाही. २०१७ साली ५७व्या आवृत्तीत जुन्या पद्धतीची अ‍ॅड-ऑन बंद झाली, तेव्हाच त्यांच्या मदतीने ती ओळ खाली आणण्याची सोय गेली. उरतो तो प्रोफाइलमधल्या ‘क्रोम’ फोल्डरातल्या (गूगलच्या ब्राउझरशी याचा संबंध नाही) ‘यूजरक्रोम.सीएसएस’ फाइलचा मार्ग. तिला ‘अबाउट:कॉन्फिग’मध्ये परवानगी द्यावी लागते. ब्राउझर अद्ययावत झाला की ही जुळणी बिघडू शकते, त्यामुळे हा खटाटोप हौशी माणसालाच परवडतो. फक्त वरची जागा वाचवायची असेल, तर १३६व्या आवृत्तीपासून सेटिंग्जमध्ये आलेले उभे टॅब बरे. बाजूच्या पट्टीत शीर्षकेही बऱ्यापैकी वाचता येतात.