साईडिंगची किल्ली कोणाकडे?

पळसदरीहून खोपोलीकडे जाणारा रेल्वेमार्ग एकेरी आहे. १८५६ मध्ये गाडी खोपोलीपर्यंत आली, भोर घाट चढून पलीकडे जायला मात्र १८६३ उजाडलं. आजही कर्जतला घाटात जाणाऱ्या बहुतेक गाड्यांना मागून जादा इंजिनं लागतात, कारण चढ ३७ मीटरला एक मीटर इतका आहे. कर्जत-खालापुरातली मुलं हे सगळं बघत वाढतात. पण या गाड्यांना ‘जा’ किंवा ‘थांब’ सांगणारी माणसं कोण आणि त्या खुर्चीपर्यंत पोचतात कशी, हे त्यांना क्वचितच कोणी समजावून सांगतं.

तुमचा मुलगा किंवा मुलगी संगणकावर रेल्वे सिग्नलचं सिम्युलेशन खेळत असेल, तर ओरडण्याआधी शेजारी खुर्ची ओढून बसा आणि एकच प्रसंग नीट पाहा. दोन स्टेशनं, मधे एकेरी मार्ग आणि त्या मार्गातून मधेच फुटलेली कारखान्याची साईडिंग. मालगाडी आत घालायची आहे. मागून लोकल येते आहे. आता काय करायचं?

आधी पुढच्या स्टेशनकडून ‘लाईन क्लिअर’, म्हणजे गाडी पाठवायची संमती, घ्यायची. टोकन पद्धत असेल तर त्या मार्गाचं टोकन चालकाच्या हाती पडल्याशिवाय मालगाडी निघत नाही, आणि ते टोकन असल्याशिवाय साईडिंगच्या सांध्याचं कुलूपही उघडत नाही. गाडी पूर्ण आत गेली, सांधा पुन्हा मुख्य मार्गाकडे वळवून कुलूपबंद झाला, की खरा निर्णय समोर येतो. साईडिंगपाशी टोकन परत जमा करण्याचं यंत्र असेल, तर मालगाडी आत कोंडून ठेवून लोकल सोडता येते. तसं यंत्र नसेल तर टोकन मालगाडीसोबतच अडकतं, आणि ती माल उतरवून बाहेर येईपर्यंत लोकलने स्टेशनातच थांबायचं. प्रवासी कितीही वैतागले तरी थांबायचं. साईडिंगच्या तोंडाशी ट्रॅप पॉइंट असतो, तोही याच विचारातून. आतला वॅगन सुटून घरंगळलाच, तर तो मुख्य मार्गावर न येता आधीच रुळावरून उतरावा.

नवखी मुलं हमखास चुकतात ती याच्या पुढच्या पायरीवर. पहिली मालगाडी आत उभी असतानाच ती दुसरी आत पाठवतात. कारण साईडिंगच्या आतल्या रुळाला बहुतेक वेळा ट्रॅक सर्किट, म्हणजे रुळावर गाडी आहे हे ओळखणारी विद्युत यंत्रणा, नसतं, त्यामुळे पडद्यावर तिथं लाल पट्टी उमटत नाही. पडदा कोरा दिसला म्हणजे रूळ मोकळा, असं त्यांना वाटतं. यंत्र जे दाखवत नाही ते फोन करून विचारायचं, उत्तर वहीत लिहायचं आणि ती नोंद पाहूनच पुढची परवानगी द्यायची, ही सवय लागली तर मूल या कामाच्या जवळ आलं असं मी खात्रीने म्हणेन. आपल्या रेल्वेत दोन स्टेशन मास्तर फोनवर एकमेकांना प्रायव्हेट नंबर देतात आणि तो रजिस्टरात टिपतात, ते याचसाठी.

यंत्रणेतच चूक राहिली तर काय होतं, तेही पाहा. २ जून २०२३ रोजी ओडिशात बहानगा बाजार स्टेशनात कोरोमंडल एक्सप्रेस मुख्य मार्गाचा सिग्नल मिळूनही बाजूच्या लूप लाईनवर वळली आणि तिथं उभ्या मालगाडीवर आदळली. २९० हून अधिक माणसं गेली. चौकशीत सिग्नलच्या वायरिंगमधले चुकीचे फेरबदल पुढे आले. सिग्नलच्या तंत्रज्ञाने दुरुस्तीनंतर तपासणी पूर्ण केली की नाही, यावर शेकडो जीव अवलंबून असतात. म्हणून हे क्षेत्र केवळ ‘सरकारी नोकरी’ म्हणून निवडू नका.

आता वाटा. स्टेशन मास्तर व्हायला कोणत्याही शाखेची पदवी चालते. रेल्वे भरती बोर्डाच्या एनटीपीसी परीक्षेतून निवड होते आणि लेखी टप्प्यांनंतर संगणकावरची अभिरुची चाचणी द्यावी लागते. प्रशिक्षण मध्य रेल्वेच्या भुसावळच्या संस्थेत. सुरुवातीचं मूळ वेतन ३५,४०० रुपये. तेवढंच वेतन सिग्नल विभागातल्या ज्युनियर इंजिनिअरला मिळतं, त्यासाठी संबंधित शाखेचा डिप्लोमा किंवा पदवी हवी. भौतिकशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स किंवा संगणक घेऊन बीएससी केलेल्यांना टेक्निशियन ग्रेड एक, सिग्नल, हे पद खुलं आहे. मूळ वेतन २९,२००. दहावीनंतर आयटीआय केलेल्या मुलांसाठी टेक्निशियन ग्रेड तीन आहे, १९,९०० पासून. आयटीआयला कमी लेखणाऱ्या पालकांनी हे दोनदा वाचावं. सिग्नल अभियंत्यांची देशातली मुख्य प्रशिक्षण संस्था सिकंदराबादला आहे, इरिसेट, १९५७ पासूनची.

रेल्वेबाहेरही काम आहे. कोणत्या मार्गासाठी कोणता सांधा कुठे वळलेला हवा, कोणता सिग्नल लाल राहायला हवा, याचे, म्हणजे इंटरलॉकिंगचे, तक्ते बनवणं आणि ते सिम्युलेटरवर तपासणं हा स्वतंत्र व्यवसाय आहे. सीमेन्स, अल्स्टॉम, मेधा यांसारख्या कंपन्या आणि मेट्रो संस्था तो करतात. २०२१ च्या गतिशक्ती कार्गो टर्मिनल धोरणामुळे खासगी मालवाहतूक टर्मिनल वाढत आहेत, आणि मुख्य मार्गाला जोडलेल्या प्रत्येक नव्या साईडिंगला इंटरलॉकिंग लागतं. तुमच्या दारातच पनवेल-कर्जत उपनगरी मार्गाचं काम हाती घेतलं गेलं, त्यात वावर्ल्याचा २,६२५ मीटरचा बोगदा आहे. बोगद्याचे फोटो सगळे काढतात, त्यातून गाड्या सोडणाऱ्या यंत्रणेबद्दल मुलांनी विचारावं.

अडचणी लपवत नाही. भरतीची जाहिरात दरवर्षी येईलच असं नाही, परीक्षा आणि निकाल लांबतात, स्पर्धा प्रचंड असते. रात्रपाळी आणि बदल्या कायमच्या. म्हणून पदवी किंवा डिप्लोमा असा घ्या की रेल्वे हुकली तरी उपयोगी पडेल. पैसे घेऊन नोकरी लावणारा माणूस भेटला तर त्याला दारातूनच परत पाठवा. लेखी परीक्षा मराठीतून देता येते, हेही अनेकांना माहीत नसतं.

आणि एक काम याच महिन्यात करा. स्टेशन मास्तरच्या पदाला ए-२ ही कडक वैद्यकीय श्रेणी लागते आणि रंगांधळेपणा असेल तर उमेदवार थेट बाद होतो. चार वर्षं अभ्यास करून शेवटच्या वैद्यकीय तपासणीत हे कळणं फार क्लेशाचं असतं. मूल दहावीत असतानाच डोळ्यांच्या डॉक्टरांकडून रंगदृष्टी तपासून घ्या.