जुन्या अरण्यातील एक दुर्मिळ कवक

अरण्याच्या संरक्षणाचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांपुढे प्रथम वृक्ष येतात, त्यानंतर पशुपक्षी. कवकांचा विचार बहुधा शेवटी होतो, किंवा होतच नाही. पावसाळ्यात जमिनीतून वर येणारी भूछत्रे आणि झाडाच्या खोडावर धरणारी टणक अळंबी आपण पाहतो. परंतु ती म्हणजे संपूर्ण कवक नव्हे. ती केवळ त्याची फळे होत. कवकाचे खरे शरीर अतिसूक्ष्म तंतूंचे बनलेले असून ते मातीत किंवा लाकडाच्या आत पसरलेले असते. आंबे तेवढे नजरेस पडावेत आणि आंब्याचे झाड मात्र कोणासही दिसू नये, असा हा प्रकार आहे. जो जीव दिसत नाही त्याची गणना कशी करावयाची, आणि गणना झाली नाही तर त्याचे रक्षण कसे करावयाचे? या प्रश्नाचे स्वरूप समजून घेण्यास अमेरिकेच्या वायव्य भागातील एका कवकाचा इतिहास फार उपयोगी पडतो.

शोध आणि नामकरण

१९४३ साली ऑरेगन राज्यातील डोंगराळ अरण्यात अली आणि फ्रेड सँडोझ या बंधूंना एका वृक्षावर वाढलेले एक प्रचंड अळंबे आढळले. ते सुमारे १४० सेंटिमीटर लांब आणि ९५ सेंटिमीटर रुंद होते व त्याचे वजन सुमारे १३६ किलोग्रॅम भरले. १९४९ मध्ये विल्यम ब्रिज कुक या कवकशास्त्रज्ञाने त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध करून त्याला ‘ऑक्सिपोरस नोबिलिसिमस’ असे नाव दिले. पुढे १९९६ मध्ये हे कवक त्या प्रजातीत बसत नाही असे ठरून त्याच्यासाठी वेगळी प्रजाती निर्माण करण्यात आली आणि ते ‘ब्रिजिओपोरस नोबिलिसिमस’ झाले. कुक यांच्या नावातील ‘ब्रिज’ हा शब्द अशा रीतीने त्याच्याशी कायमचा जोडला गेला. ‘नोबिलिसिमस’ या लॅटिन शब्दाचा अर्थ ‘अत्यंत उदात्त’ असा आहे. आणि ज्या वृक्षावर हे कवक वाढते त्यालाही ‘नोबल फर’ असेच म्हणतात.

ज्ञात कवकांमध्ये सर्वांत मोठे फळ धरणारे म्हणून हे कवक अनेक वर्षे प्रसिद्ध होते. नंतर इतर देशांत, विशेषतः चीनमधील हैनान बेटावर, याहून मोठी अळंबी सापडली. परंतु या कवकाचे महत्त्व त्याच्या आकारापेक्षा त्याच्या दुर्मिळतेत अधिक आहे.

रूप व निवास

हे अळंबे खोडाच्या तळाशी, जमिनीलगत, फळीसारखे बाहेर आलेले असते. त्याची वरची बाजू तंतुमय व केसाळ असते. तिच्यावर हिरवी शैवले आणि शेवाळ वाढल्यामुळे ते पुष्कळदा भोवतालच्या हिरवाईत मिसळून जाते. खालच्या बाजूस असंख्य सूक्ष्म छिद्रे असून त्यांतून बीजाणू बाहेर पडतात. सामान्य भूछत्र काही दिवसांत कुजून जाते. हे अळंबे मात्र बहुवर्षायु असून छिद्रयुक्त नलिकांचे नवे थर त्यावर चढत जातात.

नोबल फर आणि पॅसिफिक सिल्व्हर फर हे या कवकाचे मुख्य आश्रयवृक्ष होत. वृक्ष जिवंत असो, उभ्या उभ्या वाळलेला असो, वा त्याचा केवळ बुंधा उरलेला असो, कवकाला तो चालतो. पण तो थोराड असावा लागतो. एक मीटर किंवा त्याहून अधिक व्यासाच्या खोडांवरच ही अळंबी प्रामुख्याने आढळली आहेत.

ऱ्हासाचे कारण

येथेच संकटाचे मूळ आहे. एवढे जाड खोड तयार होण्यास शतके लागतात. नोबल फरचे लाकूड हलके पण मजबूत असल्यामुळे त्याला मोठी मागणी होती. विसाव्या शतकात या प्रदेशातील जुनी अरण्ये मोठ्या प्रमाणावर तोडली गेली. तोडलेल्या जागी नवी रोपे लावली जात, हे खरे. परंतु व्यापारी लागवडीतील झाडे चाळीस-पन्नास वर्षांतच पुन्हा तोडली जातात. अशा ठिकाणी झाडे असतात, पण म्हातारी झाडे नसतात. नकाशावर ती जागा अरण्य म्हणूनच दाखविली जाते. कवकाच्या दृष्टीने मात्र तेथील अरण्य नाहीसे झालेले असते.

संरक्षणाचे उपाय

१९९५ साली ऑरेगनच्या नैसर्गिक वारसा कार्यक्रमाने या कवकाची नोंद संकटग्रस्त जातींमध्ये केली. अमेरिकेत अशी नोंद होणारे हे पहिलेच कवक होय. त्याच्या आदल्याच वर्षी, १९९४ मध्ये, वॉशिंग्टन, ऑरेगन व उत्तर कॅलिफोर्निया येथील केंद्र सरकारच्या अरण्यांसाठी एक व्यापक योजना अमलात आली होती. ठिपकेदार घुबडाच्या रक्षणावरून उसळलेल्या वादातून ती जन्मास आली; परंतु तिच्यात कमी परिचित अशा सुमारे चारशे जातींचाही विचार करण्यात आला आणि त्यांपैकी दोनशेहून अधिक कवके होती. आपल्या कवकासाठी तर असा नियम करण्यात आला की, ज्या ज्या ठिकाणी ते आढळेल त्याभोवतीचा सहाशे एकरांपर्यंतचा, म्हणजे सुमारे २४० हेक्टर, योग्य निवासप्रदेश राखून ठेवावा.

या नियमाची अंमलबजावणी शक्य झाली याचे कारण उघड आहे. बहुतेक कवके कधी फळ धरतील याचा नेम नसतो. त्यामुळे एका वर्षीच्या पाहणीत काही आढळले नाही, तर कवक तेथे नाहीच असे म्हणता येत नाही. हे अळंबे मात्र बारा महिने जागेवर असते. वृक्षतोडीपूर्वी जाणकार माणसाने बुंधे तपासले की त्याचा पत्ता लागतो. या पाहणीच्या तरतुदी खर्चिक ठरतात म्हणून २००४ आणि २००७ मध्ये त्या रद्द करण्याचे निर्णय झाले. ते निर्णय न्यायालयात टिकले नाहीत.

दिसणे आणि असणे

पुढे या प्रश्नाला एक अनपेक्षित वळण मिळाले. संशोधकांनी झाडांच्या लाकडाचे नमुने घेऊन त्यांत या कवकाच्या आनुवंशिक द्रव्याचा शोध घेतला. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, अळंब्यांच्या संख्येवरून वाटत होते त्यापेक्षा हे कवक अरण्यात पुष्कळच अधिक प्रमाणात आहे. ज्या झाडांवर एकही अळंबे नव्हते, अशा झाडांच्या लाकडातही ते सापडले.

मग हे कवक दुर्मिळ नाहीच, असे म्हणावयाचे काय? उत्तर देताना घाई करून चालणार नाही. तंतुरूपाने लाकडात राहणे निराळे आणि फळ धरून बीजाणू पसरविणे निराळे. पहिली गोष्ट अनेक झाडांत घडत असली, तरी दुसरी मोजक्या थोराड वृक्षांवरच घडताना दिसते. वस्तीत माणसे पुष्कळ असावीत, पण पाळणा क्वचितच हलावा, तशी ही अवस्था आहे. जुने वृक्ष गेले तर लाकडात दडलेले कवक काही काळ तग धरील. परंतु त्याची पुढची पिढी कोठून येणार? म्हणून या शोधामुळे जुन्या अरण्याचे महत्त्व कमी होत नाही. रक्षण नेमके कशाचे करावयाचे, हे मात्र त्यामुळे अधिक स्पष्ट होते.

व्यापक संदर्भ

मार्च २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघाच्या लाल यादीतील कवकांची संख्या तेराशेच्या घरात पोहोचली व त्यांपैकी किमान ४११ जाती नामशेष होण्याच्या धोक्यात असल्याचे सांगण्यात आले. शास्त्राला ज्ञात असलेली कवके दीड लाखांच्या आसपास आहेत. त्यांच्या मानाने परीक्षण झालेल्या जाती शंभरात एकही भरत नाहीत.

आपल्या देशातही हा विचार परका नाही. झारखंडमधील सालवनांत पावसाळ्याच्या आरंभी मिळणारा ‘रुगडा’ आदिवासी कुटुंबे मोठ्या आवडीने खातात व बाजारात विकतात. त्याचे तंतू सालवृक्षाच्या मुळांशी निगडित असल्यामुळे त्याची शेती करता येत नाही. साल गेला की रुगडा गेला. ऑरेगनचे कवक आणि झारखंडचा रुगडा यांची जीवनपद्धती भिन्न आहे. परंतु दोघांचेही भवितव्य ठरावीक वृक्षांच्या अस्तित्वावर अवलंबून आहे. झाडे पुन्हा लावता येतात. त्यांच्या आश्रयाने शतकानुशतके घडलेले अरण्य मात्र लावता येत नाही. ते राखावेच लागते.