जुन्या संगणकाला इटालियन शिकवू या

मंडळी, घर कितीही मोठे असो, कारभारी नसला तर घर चालत नाही. संगणकाचेही तसेच आहे. संगणकाच्या कारभाऱ्याला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. कळ दाबली की अक्षर उमटवायचे, लिहिलेले जपून ठेवायचे, छापायचे, ही सारी कामे तोच करवून घेतो.

काही कारभाऱ्यांचा खर्च फार असतो. विंडोज ११ ला निदान ४ गीगाबाइट रॅम लागते. रॅम म्हणजे संगणकाची काम करण्याची जागा. जुन्या संगणकात २ गीगाबाइटच असेल तर त्याने काय करावे? भंगारात जावे? मुळीच नाही. त्याला हलका कारभारी द्यावा. डेबियन हा असा एक कारभारी आहे. तो फुकट मिळतो. त्याच्यावर एक्सएफसीई नावाचा साधा पडदा घेतला, की जुने यंत्रही कामाला लागते.

इटलीच्या उत्तरेस बोल्झानो प्रांत आहे. तेथे इटालियन, जर्मन आणि लादिन अशा तीन भाषा चालतात. तेथल्या इटालियन शाळांनी २००५ साली आपल्या संगणकांवर फुस नावाची प्रणाली बसवली. ती डेबियनवरच उभी आहे. शाळेत जी साधने, तीच मुलांना घरी फुकट नेता येतात. श्रीमंताचे पोर आणि गरिबाचे पोर एकाच पाटीवर लिहू लागले. आम्हाला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

आता इटालियन माणसासाठी डेबियन कसे बसवायचे ते पाहू.

पहिले काम : जुन्या संगणकातले कागद, फोटो दुसरीकडे उतरवून ठेवा. पुढे सगळे पुसले जाणार आहे.

दुसरे काम : दुसऱ्या संगणकावरून डेबियन पेन ड्राइव्हवर घ्या. त्या पेन ड्राइव्हवरून जुना संगणक सुरू करा.

तिसरे काम : तो प्रथम भाषा विचारतो. यादीतून 'इतालियानो' निवडा. पुढचे सारे प्रश्न इटालियनमध्येच येतात. मग देश इटली निवडा. त्यावरून घड्याळ रोमच्या वेळेला लागते. साडेतीन हा आकडाही त्यांच्या रीतीने, मध्ये स्वल्पविराम देऊन, ३,५ असा लिहिला जातो.

चौथे काम : कळफलक इटालियन निवडा. येथे घाई करू नका. आपल्याकडे 'दिन' म्हणजे दिवस आणि 'दीन' म्हणजे गरीब. एका वेलांटीने अर्थ फिरतो. इटालियनमध्ये नुसता 'ए' म्हणजे 'आणि'. त्याच्या डोक्यावर तिरपी रेघ दिली की अर्थ होतो 'आहे'. इटालियन कळफलकावर ह्या रेघेच्या अक्षराला वेगळी कळ असते. कळफलक चुकला तर ती सापडायची नाही. ई-मेलच्या पत्त्यातले ॲट चिन्हही भलत्याच कळेवर जाते. इटालियन लोक त्या चिन्हाला 'कियोच्चोला' म्हणतात, म्हणजे गोगलगाय! म्हणून परवलीचा शब्द ठरवण्याआधी कळफलक नीट पाहून घ्या. नाहीतर आपलेच कुलूप आपल्याला उघडायचे नाही.

पाचवे काम : डिस्कवर बदल लिहू का, असे तो विचारतो. उत्तर आधीच 'नो' धरलेले असते. कागद सुखरूप आहेत ना, हे पुन्हा एकदा पाहा. मगच 'सी' म्हणजे 'होय' म्हणा.

सहावे काम : पडद्यांच्या यादीत एक्सएफसीई निवडा. काम संपले की पेन ड्राइव्ह काढा आणि संगणक पुन्हा सुरू करा. एक ओळ लिहून पाहा. रेघेची अक्षरे उमटली, की काम फत्ते.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? इंग्रजीत का चालवू नये? ज्याला नवे अक्षर आले आहे, त्याला विचारा. परक्या भाषेतला प्रश्न समजला नाही, की माणूस भितो. भ्यालेला माणूस कळ दाबत नाही, दुसऱ्याच्या तोंडाकडे बघतो. आपल्या भाषेत विचारले की तो स्वतःच उत्तर देतो. डेबियन बसवताना जी भाषांची यादी येते, तिच्यात आपली मराठीही आहे, हे लक्षात ठेवा.

सांगा पाहू :
१. ऑपरेटिंग सिस्टिमला कारभारी का म्हटले?
२. परवलीच्या शब्दाआधी कळफलक का पाहावा?
३. 'सी' म्हणण्याआधी काय तपासाल?