१२८ बाइटचे आकाश



मागच्या महिन्यात इयत्ता नववीच्या एका विद्यार्थ्याने संगणकाचा प्रकल्प अर्धवट सोडला. कारण विचारले तर उत्तर आले, "सर, या कॉम्प्युटरची मेमरीच कमी आहे." तक्रार अगदी खोटी नाही, हे विश्वस्त मंडळीही जाणतात. तरी त्या दिवशी आम्ही त्याला ‘सोलॅरिस’ या व्हिडिओ गेमची हकीकत सांगितली. (पालकांनी दचकू नये, हा गणिताचाच पाठ आहे.)

१९७७ साली अमेरिकेत अटारी कंपनीचे टीव्हीला जोडायचे खेळयंत्र बाजारात आले. पुढे ते अटारी २६०० या नावाने ओळखले गेले. त्याची रॅम होती फक्त १२८ बाइट! आजच्या युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत ‘विद्यालय’ हा एक शब्द साठवायला २४ बाइट लागतात. म्हणजे तो पाच वेळा लिहिला की सहाव्यांदा जागा उरत नाही.

आता हिशेब पाहा. पडद्यावर आडवे १६० आणि उभे १९२ ठिपके, एकूण ३०,७२०. प्रत्येकाला एकच बिट दिला तरी ३,८४० बाइट हवेत. मग चित्र ठेवायचे कुठे? ते ठेवतच नसत. टीव्हीचा किरण एकेक ओळ रेखाटत जाई आणि त्याच वेळी प्रोग्रॅम त्या ओळीत काय दिसावे ते सांगत जाई. एका ओळीसाठी प्रोसेसरला ७६ ठोके मिळत. एका आज्ञेला कमीत कमी २ ठोके लागत, बहुतेकींना जास्तच. शत्रूची चाल, इंधन, गुण यांचे बरेचसे गणित किरण पडद्याच्या दिसणाऱ्या भागाबाहेर असे तेवढ्या अवधीत उरकायचे. सेकंदाला ६० वेळा हे सारे पुन्हा!

अशा यंत्रावर डग न्यूबॉअर यांनी ‘सोलॅरिस’ रचला. तो १९८६ साली आला, तेव्हा यंत्र नऊ वर्षांचे जुने झाले होते आणि लोकांचे लक्ष नव्या यंत्रांकडे वळले होते. त्यामुळे त्याचे नाव फार थोड्यांना ठाऊक आहे. त्यात १६ विभाग, प्रत्येकात ४८ क्षेत्रे, म्हणजे ७६८ क्षेत्रांचे आकाश. खेळाडूने झायलॉन शत्रूशी लढत, मित्रग्रहांवर इंधन भरत सोलॅरिस ग्रह शोधायचा. मित्रग्रह वाचवता आला नाही तर तो विभाग लाल होतो आणि तेथे जॉयस्टिकचे नियंत्रण उलटे चालते. ही शिक्षा आम्हाला फार आवडली.

एवढे मावले कसे? जे बदलत नाही ते १६ किलोबाइटच्या कार्ट्रिजमध्ये, आणि जे क्षणोक्षणी बदलते तेवढेच रॅममध्ये. कार्ट्रिजचेही एका वेळी ४ किलोबाइटच प्रोसेसरला दिसत, म्हणून चार भाग आलटून पालटून समोर आणावे लागत.

विश्वस्तांनी यावरून नवे संगणक नकोत असा अर्थ काढू नये. आमचा अर्ज कायम आहे.

विद्यार्थ्यांसाठी प्रश्न: बुद्धिबळाच्या पटावरील सर्व मोहरी त्यांच्या जागांसह कमीत कमी किती बाइटमध्ये मांडता येतील? उत्तर रीतीसह वहीत लिहून शनिवारी आम्हाला दाखवावे. अर्धवट प्रकल्पवाल्याने आधी प्रकल्प दाखवावा.